निळा पेनड्राइव्ह आणि फाटका खिसा

लेवुकाच्या बंदराकडे तोंड करून असलेल्या शिलाईच्या दुकानात आपिसाई आला, तो पिशवीतल्या एका शर्टाचा फाटका खिसा शिवून घ्यायला. आणि नेमका त्याच सकाळी दुकानातला जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला होता.

दुकानात काम करणारी वासिती टेबलावर डोकं टेकून बसली होती. शेजारी चहा निवत होता. लोणी लावलेला बन बशीत तसाच पडला होता.

"कोणी गेलं का?" त्याने हळूच विचारलं.

"कॉम्प्युटर."

"वय काय होतं?"

तिला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं. मग तिने सगळं सांगितलं. शाळेच्या शर्टांवर दोऱ्याने बिल्ले भरणारं मशीन ठणठणीत होतं. पण बिल्ल्याची नक्षी ज्या प्रोग्रॅममध्ये तयार व्हायची, तो फक्त त्या जुन्या कॉम्प्युटरवरच चालायचा. दुकानाची मालकीण असलेल्या तिच्या आत्याने नवा कॉम्प्युटर आणला होता, पण त्याच्यावर तो प्रोग्रॅम उघडतच नव्हता.

"मी हीच कामं करतो," आपिसाई म्हणाला. "तुझं गाव कुठलं?"

तिने गावाचं नाव सांगितलं आणि त्याने कपाळावर हात मारला.

"अरे देवा! किनाऱ्यावरची तू? म्हणजे आपलं थट्टेचं नातं की!"

त्याचं गाव डोंगरातलं, तिचं किनाऱ्यावरचं, पण दोन्ही गावांचा मूळपुरुष एकच, असं म्हणतात. असं नातं असलं की एकमेकांना वाटेल ते बोलावं, एकमेकांची वस्तू न विचारता उचलावी. समोरच्याने रागवायचं नाही, एवढाच नियम.

आपिसाईने तिचा बन उचलला आणि खाऊन टाकला.

"भुक्कड डोंगरवाला!" वासिती म्हणाली. "तुमच्याकडे मासा सापडला तर आधी त्याला नाव विचारतात ना?"

"विचारतात. तुमच्याकडे होडी खुंट्याला बांधलेली ठेवूनच दिवसभर वल्हवतात."

"तो शर्ट इकडे दे. आता तो माझा."

तीन दिवसांत त्याने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवला. खरा नव्हे. पडद्यावर एक खिडकी उघडायची, आणि त्या खिडकीत जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा चालायचा. नक्षीचा प्रोग्रॅमही त्यात उघडला. लितिया आत्या चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. "गरोदर आहे म्हणा की," ती म्हणाली आणि कापड कापायला गेली.

अडचण होती ती पेनड्राइव्हची. नक्षी त्याच्यावर घालून मशीनला न्यायची. पण तो खोचला की बाहेरचा कॉम्प्युटरच त्याला धरून बसायचा. आतल्याला तो दिसायचाच नाही.

"एका वेळी एकालाच मिळतो," आपिसाईने समजावलं. "आतल्याला द्यायचा असेल तर इथे यादीत जाऊन सांगावं लागतं. दिला की बाहेरच्याला दिसत नाही. आणि काढताना आधी आतल्याचा निरोप घ्यायचा, मगच उपटायचा."

"एका वेळी एकच? पोस्टातल्या मुली तर तुझ्याबद्दल वेगळंच सांगतात."

"त्या किनाऱ्यावरच्या असतील... खोटारड्या."

वासिती यादीत जाऊन सांगायला रोज विसरायची. निरोप न घेता पेनड्राइव्ह उपटायचीही. एकदा त्यामुळे शाळेच्या बिल्ल्यावरचं कासव अर्धंच भरलं गेलं, डोक्याविना. शेवटी आपिसाईने नियमच करून ठेवला. आतला कॉम्प्युटर चालू असला, की तिचा लाल पेनड्राइव्ह न विचारता सरळ आत जाईल.

"म्हणजे तुझ्यासारखाच," ती म्हणाली. "न विचारता आत येणारा."

मग तो रोजच यायला लागला. कधी वायर बघायला, कधी काहीच नाही बघायला. पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा, की बोलायचं तर जवळ यावं लागायचं... आणि जवळ आला, की त्याच्या बाहीला ओल्या दोरीचा वास यायचा. जेवणाच्या वेळी ती घरी जायची. तो तिच्या खुर्चीवर बसून "तपासणी" करत राहायचा. शर्ट काही तिने परत दिला नाही. खिसाही शिवला नाही. शिवला असता तर तो घेऊन गेला असता.

पण बोलणं सगळं थट्टेचं. "तू आज सुंदर दिसतेस," तो म्हणायचा, आणि ती काही म्हणायच्या आत पुढे जोडायचा, "म्हणजे तुमच्या गावाच्या मानाने." ती हसायची. घरी जाऊन आरशात बघायची. एक शब्द, फक्त एक शब्द त्याने थट्टा सोडून बोलावा, एवढंच तिला हवं होतं. पण या नात्यात खरं बोललेलंही थट्टाच धरतात. मग ओळखायचं कसं?

एका सोमवारी तो म्हणाला, "दुसऱ्या बेटावर, लंबासाला नोकरी लागली. दोन वर्षांची. शुक्रवारी पहाटेच्या बसने पलीकडच्या धक्क्यावर, तिथून बोट."

"बरं झालं," वासिती म्हणाली. "बन वाचतील."

तो हसला नाही. बुधवारी त्याने तिच्या हातात एक निळा पेनड्राइव्ह ठेवला, लाल होता त्याच बनावटीचा. "नवा आहे. बघ... वेळ मिळाला की," एवढंच म्हणून तो निघून गेला.

गाणी असतील, नाहीतर फोटो असतील, असं तिला वाटलं. तिने तो खोचला, बाहेरच्या कॉम्प्युटरवर शोधला. काहीच दिसेना. काढून पुन्हा खोचला. काही नाही. आतल्या खिडकीत बघायचं तिच्या मनातही आलं नाही. तिथे फक्त बिल्ले असायचे.

मेलेला पेनड्राइव्ह दिला होता. शेवटची थट्टा! नियमाप्रमाणे रागवायचं नव्हतं. ती रागावली नाही. कात्री हातात घेऊन तशीच बसून राहिली, कापड समोर असून.

गुरुवारी सकाळी तो दारातच थांबला. "पाहिलंस?"

"पाहिलं," ती म्हणाली. "आमच्या गावात असल्या गोष्टीला खूप हसतात."

त्याचा चेहरा उतरला. "बरोबर आहे," तो म्हणाला. बशीतल्या बनला त्याने हातही लावला नाही. गेला.

दुपारी तिने बिल्ल्यासाठी लाल पेनड्राइव्ह खोचला. आतल्या कॉम्प्युटरने दोन पेनड्राइव्ह दाखवले. कालपासून खोचलेला निळा तिथे होता! आपिसाईने नियम एकट्या लाल पेनड्राइव्हसाठी केलाच नव्हता, त्या बनावटीच्या सगळ्यांसाठी केला होता. निळाही न विचारता आत गेला होता, आणि ती त्याला बाहेर शोधत बसली होती.

त्याच्यावर एकच नक्षी होती.

या वेळी तिने आधी नीट निरोप घेतला, मगच पेनड्राइव्ह काढला. पांढरा कपडा ताणून मशीनला लावला. सुई चालू झाली. टाके वेडेवाकडे पडत होते, दोरे मध्येच उड्या मारत होते. जेवणाच्या वेळच्या त्या सगळ्या तपासण्या कसल्या होत्या, ते आता तिला कळलं. आधी तिचं नाव आलं. मग हळूहळू, एकेक अक्षर...

*वासिती, ही थट्टा नाही.*

लितिया आत्या मागे येऊन उभी राहिली होती.

"मी त्याला म्हटलं, आमच्याकडे हसतात," वासिती कशीबशी म्हणाली.

आत्याने कपड्यावरून बोट फिरवलं. "तुझे आतोबा तीस वर्षं थट्टाच करत होते. सरळ असं एकदाच बोलले. ते गेल्यावर मला तेवढंच पुरतंय." मग नाक ओढून म्हणाली, "टाके भिकार आहेत. जा, त्याचा शर्ट काढ."

पहाटेच्या बसपाशी आपिसाई पिशवीवर बसला होता. वासिती धावत आली. केस विंचरायलाही तिला वेळ झाला नव्हता.

"तुझा शर्ट."

"तुझा झाला होता ना?"

"खिसा शिवलाय. बघून घे. डोंगरवाल्यांना मागाहून तक्रार करायची सवय असते."

त्याने खिसा चाचपला. आतून काहीतरी हाताला लागलं. त्याने तो उलटा केला. बाहेरून कोणाला दिसू नयेत अशी लाल दोऱ्यातली अक्षरं होती, एकसारख्या टाक्यांची.

*माझीही नाही.*

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"पेनड्राइव्ह मी बाहेर शोधत होते," ती म्हणाली. "वेडी मी..."

"नाताळला येतो," तो म्हणाला. "आत्याशी बोलायला. घरच्यांना घेऊन, रीतीप्रमाणे."

तिने पिशवीतून बन काढला. त्याने घेतला, मोडला, मोठा तुकडा तिच्या हातात ठेवला आणि बसमध्ये चढला. बस वळेपर्यंत तो खिडकीतून बघत होता. शर्ट त्याने अंगातल्या शर्टावरूनच चढवला होता, खिसा उलटा ठेवूनच.