नेटाने परत पाठवलेली पाहुणी

वेताची मोळी दारात आडवी अडकली, तिच्यामागे वेस टूनी अडकला, आणि मोळीवरचं पावसाचं पाणी नेटा लिटलजॉनच्या टेबलावर, सदस्यत्वाच्या कोऱ्या अर्जांवर टपटपलं.

"अहो, आधी ती मोळी उभी करा!"

"माझं ऐकत नाही ती. तुम्ही सांगून बघा…"

नेटा हसली नाही. म्हणजे, त्याला दिसेल असं हसली नाही.

चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या संग्रहालयात सदस्यांना टोपल्या विणायला शिकवण्यासाठी तो दर शनिवारी येऊ लागला. सदस्य वाढवणं हे नेटाचं काम. सदस्य असतील तरच वर्ग चालणार होता.

"आज किती जण गळाला लागले?" तो येताजाता विचारायचा.

"तुमचं तोंड बघून दोघं परत गेली."

झाडांची पानं तांबडी होईपर्यंत दोघं 'अरे-तुरे'वर आली होती. त्यापुढचं मात्र… दोघांच्याही ओठांवर येऊन थांबलेलं.

आणि एका शनिवारी अटलांटाहून कॅमिल आली. पाहुण्यांनाही एकदा वर्गात बसता यायचं. दारातून नेटाला दिसलं – वेस तिच्यापुढे गुडघ्यावर बसलाय, तिची बोटं धरून वेताची पट्टी वळवतोय, आणि ती खळखळून हसतेय. पाच महिन्यांत नेटाची बोटं कधी त्याने धरली होती? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

वर्ग सुटल्यावर कॅमिल टेबलापाशी आली. "मला सदस्य व्हायचंय. दर शनिवारी येईन म्हणते."

दर शनिवारी!

"सदस्यत्व फक्त इथल्या लोकांना," नेटा म्हणाली. धडधडीत खोटं. जगात कुणीही सदस्य होऊ शकत होतं.

कॅमिलचा चेहरा उतरला. "हो… मी बाहेरचीच, नाही का?" एवढंच बोलून ती निघून गेली.

थोड्या वेळाने वेस आवारातून आत आला. "कॅमिल बाहेर रडत भेटली गं. काचेच्या कपाटातली ती दुहेरी विणीची टोपली तिच्या आजीने विणलीय. आजी तरुणपणीच गाव सोडून गेली, परतलीच नाही. नात आली, तर तिला कुणी म्हणे, तू इथली नाहीस. असं कोण बोललं असेल?"

खोटं अजून एकदा बोलता आलं असतं.

"मी."

वेस वळला आणि चालता झाला.

नेटाने कोरा अर्ज उचलला आणि पावसात धावत, कॅमिलने पाहुण्यांच्या वहीत लिहिलेलं नदीकाठचं मोटेल गाठलं. कॅमिल गाडीत बॅग ठेवत होती.

"मी खोटं बोलले," नेटा धापा टाकत म्हणाली. "तू इथलीच आहेस. नसतीस तरी सदस्य होता आलं असतं. मी… जळले गं तुझ्यावर."

"वेसमुळे?" कॅमिल गाडीला टेकली. "फार लागलं मला ते, नेटा. आजी वारल्यापासून इथे यायचा धीर गोळा करत होते मी."

"माफी मागायलाच आले."

कॅमिलने तिच्या हातातला अर्ज घेतला. "खरं सांगू? आवडला होता तो मला. पण दोन तास त्याचं आपलं 'नेटा असं म्हणते, नेटा तसं म्हणते'… कंटाळले मी!"

पुढच्या शनिवारी वेस टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"राग गेला?" नेटाने मान वर न करता विचारलं.

"अर्धा. उरलेला एका उत्तरावर अवलंबून आहे. तू खोटं का बोललीस?"

"कळत नाही तुला?"

"कळतं… पण ऐकायचंय."

तिचे कान तापले. "आवडतोस तू मला. आणि दुसरी कुणी तुझ्याशी हसली, की जीव जळतो माझा. झालं समाधान?"

"मला तर तू मोळीवर ओरडलीस तेव्हापासूनच…"

"मग बोलायला काय झालं होतं?"

"बोलायला तोंड उघडलं की तू अर्ज पुढे करायचीस!"

नेटाला हसू आवरेना. तेवढ्यात आतून कॅमिलची हाक आली, "वेस, लवकर ये ना! माझी टोपली उसवतेय!"

तो वळला. नेटाने त्याची बाही घट्ट धरली.

"उसवू दे," ती म्हणाली.