दिवाणजींची पाळी

सुकापूरच्या त्या सोसायटीत विनिता गेली होती मेंदीच्या क्लासची चौकशी करायला. बेल मात्र दाबली चुकीच्या घराची. दार उघडलं एका उंच, सावळ्या तरुणानं. खांद्यावर बायकी वाटावी अशी जरीची शाल.

"या, हौसाबाई," तो कमरेत वाकून म्हणाला. "दरबार आपलीच वाट पाहतोय."

खरं तर तिनं पळायला हवं होतं. पण इतक्या अदबीनं चुकीच्या घरात तिला आजवर कुणी बोलावलं नव्हतं.

आत समृद्धी नावाची मुलगी फासे घेऊन बसली होती. फेसबुकवर ओळख झालेली चार-पाच मंडळी दर रविवारी तिच्याकडे खेळायला जमत. समृद्धी गोष्ट पुढे न्यायची आणि बाकीच्यांनी आपापलं पात्र होऊन बोलायचं. हौसा दरोडेखोरीण होणारी नवी मुलगी त्या दिवशी उगवलीच नाही. मग बालवाडीत बडबडगीतं शिकवणाऱ्या विनितानं भर दुपारी खजिना लुटला, आणि मेंदी राहिली ती राहिलीच.

शालवाला कल्पेश, ओवे गावचा. खेळात दिवाण. खेळाडू मोठा गुणी. कुणाचं बोलणं तोडायचं नाही, आपलं घोडं पुढे दामटायचं नाही, कोपऱ्यात गप्प बसलेल्याला हळूच बोलतं करायचं. आणि पात्र तर मुळीच सोडायचं नाही. चहा हवा असला तरी म्हणायचा, "किंचित उष्ण पेय लाभेल काय?"

विनिता मग दर रविवारी जाऊ लागली. अशाच एका रविवारी दिवाणजी म्हणाले, "हौसाबाई, आपल्यावाचून हा दरबार ओस आहे..." आणि नजर तिच्यावर — की हौसावर? — जरा जास्तच रेंगाळली.

घरी तिनं आईला सांगून टाकलं.

"कोण कुणाला म्हणालं?" आईनं विचारलं.

"दिवाण. हौसाला."

"मग तू का लाजतेस?"

तिनं बटाटे सोलायला घेतले आणि सालं पातेल्यात टाकली.

तेवढ्यात नाशिकच्या शाळेत तिला नोकरी लागली. तिकडे रुजू होण्याआधीचा शेवटचा रविवार आला. आज काही बोललं गेलं नाही, तर दिवाण कोण आणि कल्पेश कोण हे कोडं घेऊनच तिला जावं लागणार होतं.

"हौसा राज्य सोडून चाललीये," समृद्धी म्हणाली. "दिवाणजी, तुमची पाळी."

"जाऊ द्यावं," कल्पेश खाली बघत म्हणाला. "गुणी माणसाला अडवू नये."

"हे कोण बोललं?" विनितानं विचारलं.

"दिवाण."

"आणि कल्पेशचं काय म्हणणं?"

"त्याची... पाळी नाही आली."

"माझी घ्या."

"छे, छे! आधी तुम्ही—"

"अहो, किती चांगलं खेळाल!" ती उसळली. "एकदा तरी वाईट खेळा ना!"

शाल घसरली. त्यानं ती उचलली नाही. आणि मग त्या खोलीत आजवर कुणी ऐकली नव्हती अशी, घरच्या अंगणातली बोली बाहेर पडली.

"तू गेलीस तं मना करमाचा नाय."

फासे थांबले.

"दिवाण असं बोलत नाहीत," समृद्धी गंभीरपणे म्हणाली. "गुण कापते."

"काप," विनिता म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, जरा हळू, "मना पन... बरोबर म्हटलं का?"

"चुकीचा नाय," तो लाल होत म्हणाला.

"पण जावं तर लागेलच. नोकरी आहे." तिनं एक फासा उचलला. "रविवारी सुट्टी असते म्हणा..."

"नाशिकची एसटी पनवेलवरनं मिलते ना?"

"मिळते."

"मंग मी येतो."

"दिवाण होऊन?"

"नाय."

एखाद्या मुलाच्या तोंडून नकार ऐकून इतकी खूश झालेली मुलगी समृद्धीनं तोवर पाहिली नव्हती.