सीटवर कापसाचं बोंड

मारेगावच्या बसस्टँडवर मी पैसे पाठवायचं बटण दाबणार, एवढ्यात शेजारून आवाज आला —

“थांबा जी... नका पाठवू.”

मांडीवर फवारणीचा पंप घेऊन बसलेला एक मुलगा चक्क माझ्या मोबाइलमध्ये डोकावत होता! असा राग आला मला...

“दुसऱ्याच्या मोबाइलमंदी काहून पाहता?”

“चुकलंच. पण हे फोटोतली स्कुटी इथली नाही.”

“नंबर यवतमाळचा हाय की!”

“नंबर हाय. चाकाखालची माती पाहा ना... आपल्या इकडं अशी लाल माती असते?”

खरंच की! मागे नारळाची झाडंसुद्धा होती. ‘बदली झालेल्या जवानाची गाडी, मारेगावातच उभी, आधी थोडे पैसे पाठवा’ अशी ती जाहिरात. चार दिवस मी तिच्यावर जीव टाकून बसले होते.

“त्याले म्हणा, सीटवर कापसाचं बोंड ठेवा अन् आत्ताच फोटो पाठवा. वेचणीचे दिवस हाय, मारेगावात बोंड कुठंबी भेटते.”

मी तसं लिहिलं. दोन मिनिटांत त्या जवानाने मला ब्लॉक केलं.

“तुमी पोलीस हाय का?”

“नाई जी. मी रजत. पंप दुरुस्त करतो. ऑनलाइन पाच पंप मागवलते, खोक्यात विटा निंघाल्या. तवापासून डोळे उघडले.”

स्वतःच्या फजितीवर तो खळखळून हसला. तिथेच मला तो आवडला, खोटं कशाला सांगू?

वणीच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली होती. ड्युटी सकाळी सातची, पहिली बस पोचायची आठला. एक तारखेच्या आत गाडी मिळाली नाही तर नोकरी विसरायची, असं बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मग मी रोज एक जाहिरात घेऊन रजतच्या दुकानात जाऊ लागले. काय नजर होती त्याची! गाडीच्या आरशात दिसणारी परप्रांतातली पाटी वाचून त्याने एक जाहिरात पकडली. दुसरीत आरसी बुकावरचं नावच वेगळं निघालं. “ज्यानं गाडीचा एकबी दोष सांगतला नाही, त्याच्या वाटेले जाऊ नका,” तो म्हणायचा. हळूहळू माझं लक्ष फोटोंपेक्षा त्याच्या ग्रीस लागलेल्या बोटांकडेच जास्त राहू लागलं...

शुक्रवारी शीलाताई नावाच्या वणीच्या निवृत्त शिक्षिकेची जाहिरात आली. बोंडाचा फोटो आला, कागद जुळले. ‘डावा आरसा तडकलेला, थंडीत उशिरा सुरू होते’ असंही त्यांनी लिहिलं होतं. रजत बराच वेळ बघत राहिला.

“नका घेऊ,” तो म्हणाला. “इंजिनचं काम निघंल.”

सोमवारी एक तारीख होती. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले.

शनिवारी सकाळी तो आमच्या फाटकाशी उभा.

“काल खोटं बोललो मी. आत्ता वणीले जाऊन चालवून पाह्यली. गाडी एकदम चांगली हाय.”

“मंग नको काहून म्हणलं?”

तो कानापर्यंत लाल झाला. “गाडी भेटली का तुमी दुकानात येणार नाही... म्हणून. लय वाईट केलं. दहा वाजता दुसरं गिऱ्हाईक येऊन राह्यलं. बाबाले घेऊन लवकर जा. मले तं तुमाले तोंड दाखवाले जागा नाही.”

एवढं बोलून तो निघूनच गेला. मला संताप आला होता. माझी नोकरी घालवत होता हा! पण वणीच्या वाटेवर, शेजाऱ्यांच्या मोटारसायकलवर बाबांच्या मागे बसून मी एकच विचार करत होते... या माणसाला एक खोटं एक रात्रसुद्धा पचलं नाही.

गाडी मिळाली. सोमवारी ड्युटी संपवून मी थेट त्याच्या दुकानासमोर थांबले. त्याने मान वर केली, आणि हातातला पाना तसाच राहिला.

“गाडी भेटली,” मी म्हटलं, “तरी आली ना मी?”

वाटेत तोडलेलं बोंड मी त्याच्या तळहातावर ठेवलं.

“हलू नका...” मी फोटो काढला.

“हे काहून?”

“माणूस खरा हाय का, तपासून राह्यली.”

“मंग?” त्याने बोंड अलगद मुठीत धरलं.

“दोष त्यानं सोताच सांगतला,” मी फोन पर्समध्ये ठेवत म्हटलं. “आता घरी जाऊन बाबाले फोटो दाखवते.”