पलीकडचं चाक

वहिनीच्या जुन्या पिकअपच्या मागच्या ॲक्सलमधून घूं घूं आवाज येत होता. एवढंच काम होतं. तिचा रोपांचा धंदा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गच्च भरून तिला घाट उतरायचा होता. मी दुपारी जेवून, हत्यारांची पेटी घेऊन तिच्या शेडवर गेलो.

आधी एक चक्कर मारली. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की आवाज वाढायचा, उजवीकडे वळवलं की दबायचा. म्हणजे भार उजव्या चाकावर आला की दुखणं बोलत होतं. उजवं बेअरिंग गेलेलं. तसंच घाटात नेलं असतं तर चाक ॲक्सलसकट बाहेर पडलं असतं. मी ॲक्सल ओढून काढला, प्रेसवर नवं बेअरिंग बसवून आणलं. सगळं परत जोडेपर्यंत ऊन दारातून सरकून गेलं होतं.

ही गाडी मला नकोशीच वाटते. सहा वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ, दादा, हिच्याच खाली गेला. जॅक सरकला. त्या दिवशी त्यानं मला पलीकडचं चाक धरायला बोलावलं होतं. मॅचचा शेवटचा तास चालू होता. मी म्हटलं, येतोच. वहिनीनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. म्हणूनच त्या शेडमध्ये मला एका जागी उभं राहवत नाही. पाना उचलतो, ठेवतो, उगाच दाराकडे बघतो.

शेवटी तपासणी राहिली. मागची दोन्ही चाकं अधांतरी, गाडी गिअरमध्ये. अशा वेळी एक चाक पुढे फिरवलं की पलीकडचं आपोआप मागे फिरतं. यंत्राची रीतच ती. मी उजवं चाक हातानं फिरवलं. आवाज नाही, अगदी हलकं. मग ते थांबलं.

अडकलं नाही. पलीकडून कुणी धरावं तसं थांबलं. मी जोर लावला. तिकडूनही तेवढाच जोर आला. हात सोडला, तर चाक उलटं फिरू लागलं. पाव फेरा, मग थांबणं. पुन्हा पाव फेरा… बेअरिंगला कान लावून दादा असंच फिरवायचा.

"वहिनी… तुम्ही आहात का तिकडे?"

मी वाकून गाडीखालून पाहिलं. पलीकडे नुसती फरशी. चाक मात्र फिरत होतं, आणि डावीकडून बारीक खरखर येत होती. उजवीकडच्या आवाजात ती मला आधी ऐकूच आली नव्हती.

डावं बेअरिंगही संपलं होतं. थांबून ते करायला हवं होतं. मी शेडला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, वहिनीला म्हटलं, थोडं राहिलंय, पहाटे येतोच. शब्द तोंडातून गेल्यावर माझे मलाच कळले.

घरी रात्रभर डोळ्याला डोळा नाही. किती कूस बदलताय, म्हणून बायको दोनदा वैतागली.

पहाटे शेड उघडली. डावं चाक फिरवलं; खरखर नाही. खोलून पाहिलं. आत कोरं बेअरिंग. तसलं दुसरं माझ्या पेटीत नव्हतंच. जोडावर लावलेलं सीलंट तासाभरात सुकतं. माझ्या बोटाला ते ओलं लागलं.

मी मुकाट्यानं चाक चढवलं. वहिनी त्या दिवशी घाट उतरून सुखरूप पोचली, गाडी आजही बिनआवाज चालते. पण निघताना, स्टिअरिंगवर बसल्यावर ती जे म्हणाली, ते मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

"रात्री चहा घेऊन दारापर्यंत आले होते, भाऊजी. आत तुम्ही नुसतं 'हो दादा… धरलंय दादा…' म्हणत होतात. म्हणून तशीच परत गेले."