नकुलचं मुकं रडणं

केतकी पाळण्याशी वाकली. तिचा तीन महिन्यांचा भाऊ नकुल रडत होता. तोंड सताड उघडलेलं, मुठी आवळलेल्या, गालांवरून पाणी वाहतंय. पण आवाज नव्हता. घशातून नुसती खरखर येत होती.

"आई, लवकर ये! नकुल रडतोय, पण ऐकूच येत नाहीये!"

आई आली. तिने बाळाकडे पाहिलं आणि त्याला उचलून घेतलं. शेजारच्या शालनवहिनीच्या तान्ह्या मुलीचं असंच झालं होतं. आधी ती दूध ओकू लागली, मग तिला धाप लागली, मग आवाज गेला. दुसऱ्या दिवशी ती गेली. त्याआधी आणखी एका घरातलं तान्हं बाळ असंच गेलं होतं.

ही गोष्ट तरंगवाडीची. समुद्र चढत गेला आणि किनाऱ्यावरचं गाव बुडालं, तेव्हा गावकऱ्यांनी मोठमोठे पोकळ तराफे एकमेकांना जोडून पाण्यावरच वस्ती उभारली. घरं, शाळा, दवाखाना, सगळं तराफ्यांवर. सध्या वादळांचे दिवस होते. किनाऱ्याशी संपर्क तुटला होता आणि केतकीचे बाबा तिकडेच अडकले होते. दवाखान्यात माणूस-डॉक्टर नव्हता. धीरा नावाची यंत्रपरिचारिका (आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा यंत्रमानव) तेवढी होती.

निरोप मिळताच धीरा घरी आली. तिने नकुलच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला, छातीवर आपला थंड हात ठेवला.

"हृदय नेहमीपेक्षा मोठं झालं आहे आणि फार वेगाने धडधडतं आहे. रक्तात जंतू नाहीत. पाणी शुद्ध आहे. हवेत विषारी वायू नाही. कारण सापडत नाही."

"मग औषध कसलं देणार?" घरातच राहणाऱ्या केतकीच्या आत्याने विचारलं.

"कारणाशिवाय औषध ठरवता येत नाही," धीरा म्हणाली.

आई भिंतीला टेकून बसली होती. ती हळूच म्हणाली, "माझंच दूध विषारी झालंय का गं?"

केतकीला ते ऐकवेना. ती उठली आणि तराफ्यांमधल्या हलत्या पुलांवरून पळत सुटली. अगदी शेवटच्या तराफ्यावर डॉ. रुखसाना परकार राहायच्या. त्या समुद्री शेवाळावर संशोधन करत.

"अगं, मी शेवाळाची डॉक्टर, माणसांची नाही," परकारबाई म्हणाल्या. पण केतकीचा चेहरा बघून त्यांनी हातातलं काम टाकलं आणि चपला घातल्या. वाटेत केतकीकडून सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आजारी कोण पडलं ते सगळे सांगतायत. मला सांग, कोण आजारी पडलं नाही?"

केतकी विचार करू लागली. "मोठं कुणीच नाही. चालणारी मुलंही नाहीत. फक्त तान्ही बाळं. पण... रोहिणीकाकीचं बाळ नकुलएवढंच आहे आणि ते धडधाकट आहे! आमचंच पाणी, आमचीच हवा."

"मग त्याचं वेगळं काय?"

"रोहिणीकाकीला दूध आलंच नाही. ते डब्यातल्या पावडरीच्या दुधावर आहे."

परकारबाई पुलावरच थांबल्या. "म्हणजे जे काही आहे, ते आईच्या दुधाशी जोडलेलं आहे."

केतकीचे डोळे भरून आले. "आई तेच म्हणत होती. तिच्या दुधात विष आहे?"

"एखादी वस्तू जास्त असली तर आजार होतो, तसा एखादी वस्तू कमी असली तरी होतो. धीराने काय काय आहे ते शोधलं. काय नाही, ते कुणी बघितलंच नाही."

घरी पोचल्याबरोबर बाईंनी आईला विचारलं, "ताई, तुमच्या पायांना मुंग्या येतात?"

"येतात की. बाळंतपणाचा थकवा, दुसरं काय."

"जरा उकिडव्या बसून हात न टेकता उठा बरं."

आई बसली, पण तिला उठता येईना. आत्याने तिला धरून उठवलं.

"त्यांच्या जेवणात काय असतं?"

"बाळंतिणीचं पथ्य मी जातीने सांभाळते," आत्या म्हणाली. "पांढराशुभ्र भात, मीठ आणि चमचाभर तूप. डाळ वातूळ, म्हणून बंद. मासे बंद. कडधान्यं बंद. तांदूळ चारदा धुते, पेज काढून टाकते, भात हलका व्हावा म्हणून. शालनलाही मीच सांगितलं होतं."

बाईंनी डब्यातले तांदूळ ओंजळीत घेतले. मोत्यासारखे पांढरे. त्यांचा चेहरा उतरला.

"धीरा, तुझ्याकडे थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) आहे?"

"इंजेक्शनं आहेत. परंतु अभावाची खात्री करणारी चाचणी इथे होत नाही."

"आणि अंदाज चुकला तर अपाय?"

"बहुधा नाही. जास्तीचं थायमिन लघवीवाटे निघून जातं."

बाई आईकडे वळल्या. "मी खात्री देऊ शकत नाही. पण थांबायला वेळ नाही."

नकुलचे ओठ निळसर दिसू लागले होते. आई म्हणाली, "द्या."

इंजेक्शन देऊन झालं. आता वाट पाहण्याशिवाय हातात काही नव्हतं. नकुलची छाती भात्यासारखी हलत होती. केतकीला वाटलं, डोळे हलवले तर ती थांबेल.

"बाई, थायमिन करतं काय?" तिने कुजबुजत विचारलं.

"चुलीत लाकडं रचली, पण पेटवायला काडीच नसली तर?"

"पेटणार नाही."

"आपण खातो तो भात म्हणजे लाकडं. त्यातून शरीराला ऊर्जा (काम करायची शक्ती) मिळायला थायमिनची काडी लागते. हृदय क्षणभरही थांबत नाही, म्हणून ते आधी थकतं. घशातला आवाज काढणाऱ्या नसाही दुबळ्या होतात. थायमिन शरीरात फार दिवस साठून राहत नाही. आईला जेवणातून मिळालं नाही, की दुधातही उतरत नाही."

"तांदळात ते नसतं?"

"दाण्यावरच्या तांबूस कोंड्यात असतं. पण कोंड्यात तेल असतं, ते खवट होतं. म्हणून साठवणीचा तांदूळ गिरणीत घासून घासून पांढरा करतात. उरलंसुरलं थायमिन तांदूळ धुतलेल्या पाण्यातून आणि पेजेतून निघून जातं. आपण बाकीचे डाळ, कडधान्यं, मासे खातो, म्हणून आपलं भागतं."

आत्या म्हणाली, "माझ्या आईने माझ्या थोरल्या वहिन्यांना हेच पथ्य दिलं. तेव्हा एकही पोर गेलं नाही."

"तेव्हा तांदूळ कुठला होता?"

"घरचा. उकडा. पेजसुद्धा प्यायला द्यायची."

"शेतातलं भात सालासकट उकडलं, की कोंड्यातलं थायमिन दाण्याच्या आत मुरतं. मग वरचा कोंडा गेला तरी बरंचसं टिकतं. आत्या, पथ्य बरंचसं तेच राहिलं. तांदूळ बदलला."

आत्याने पदर तोंडाशी धरला.

दुपार कलली तेव्हा नकुलची धाप कमी झाली. मग ओठांचा निळेपणा गेला. संध्याकाळी त्याने तोंड उघडलं आणि घोगरा, फाटका, पण खरा आवाज आला. आईने त्याला छातीशी घेतलं आणि ती स्वतःच हुंदके देऊ लागली.

धीरा इंजेक्शनं घेऊन वस्तीतल्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरी गेली. सगळ्यांची पथ्यं सुटली. डाळ शिजू लागली, पेज कुणी फेकेना.

दोन दिवसांनी शालनवहिनी आली. ती पाळण्याकडे न बघता परकारबाईंसमोर उभी राहिली. "सगळे म्हणतात, दुधाचा दोष होता. मीच मारलं का तिला?"

बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "नाही. तुझ्याकडे होतं ते सगळं तू तिला दिलंस. तुझ्या ताटातच जे नव्हतं, ते तू कुठून देणार होतीस?"

शालनवहिनी खूप वेळ रडली. त्या घरात तिला कुणी गप्प केलं नाही. केतकीला कळलं, की कोडं सुटलं तरी काही घरांना उशीर झालेला असतो.

समुद्र शांत झाला. पहिल्या बोटीतून बाबा आले, आणि उकड्या तांदळाची पोतीही आली. त्याच दिवशी शालनवहिनी दारात आली.

"केतकी, आपल्या वस्तीतल्या सुलूला आठवा महिना लागलाय. तिला ते काडीचं आणि लाकडांचं समजावून सांगशील? मला नीट जमायचं नाही."

दोघी निघाल्या. सुलू जेवायलाच बसली होती. शालनवहिनी तिच्याजवळ जमिनीवर टेकली आणि म्हणाली, "बोलणं मागाहून. आधी तुझं ताट बघू दे."