ध्रुव मावळला तेव्हा

सन २०५७. विद्यापीठाच्या तारांगणात शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांसाठी खेळ असे. अकरा वर्षांची शाल्मली दहातोंडे आत्याबरोबर आली होती. दुसऱ्या दिवशी तिचा सगळा वर्ग इथे येणार होता, पण तिला तेवढाही धीर नव्हता.

दिवे विझले. दिगंत नावाचा यंत्रमानव गेली तीस वर्षं इथलं आकाश चालवत होता. त्याने घुमटावर एक रात्र पाच मिनिटांत फिरवून दाखवायला घेतली. तारे उगवले, वर आले, कलू लागले. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ध्रुवतारा उत्तर क्षितिजाखाली गेला.

प्रेक्षकांत खसखस पिकली. अढळ म्हणवणारा तारा चक्क मावळला होता.

खेळ थांबवून तंत्रज्ञ खंडागळे पुढे आले. "प्रक्षेपक (तारे घुमटावर उमटवणारं यंत्र) आसावर सैल झालाय. दिगंतही आता जुना झाला. उद्याचा खेळ रद्द, आणि याची रवानगी भांडारात."

खंडागळ्यांनी दारावर खेळ रद्द झाल्याची पाटी लावली. लोक उठून जाऊ लागले.

शाल्मली मात्र हलली नाही. वर तारे अजून थांबलेले होते आणि त्यांत काहीतरी तिला खटकत होतं. शेवटी ती पुढे गेली. तारांगणाच्या प्रमुख डॉ. यास्मिन अत्तार खंडागळ्यांशी बोलत होत्या.

"मॅडम, यंत्र सैल झालं असतं तर तारे विस्कटले असते ना? सप्तर्षी तर जसेच्या तसे आहेत. सगळं आकाश नीट फिरत होतं, फक्त दुसऱ्याच ताऱ्याभोवती."

"कोणत्या?"

तिने बोट दाखवलं. सप्तर्षींच्या जवळ एक मंद तारा होता.

बाईंनी चष्मा सारखा केला आणि बराच वेळ वर पाहिलं. मग त्या यंत्रमानवाकडे वळल्या. "दिगंत, ही कोणत्या सालातली रात्र आहे?"

"इसवी सनापूर्वी दोन हजार आठशे," तो म्हणाला. "सकाळी इतिहास विभागाने मागितली होती. नंतर कोणी बदलायला सांगितलं नाही."

खंडागळे ओशाळले. "तारीख बघायला हवी होती मी."

"पण तेव्हाही ध्रुव तोच असणार ना?" शाल्मलीने विचारलं.

"तू भोवरा फिरवतेस?" बाईंनी विचारलं.

"हो."

"वेग मंदावला की त्याचं डोकं काय करतं?"

"डोलतं. हळूहळू गोल गोल."

"पृथ्वीही तशीच डोलते. ती स्वतःभोवती फिरते, आणि तिचा आस (ती ज्याभोवती फिरते ती कल्पित रेघ) एक संथ फेरी घालतो. याला परांचन म्हणतात. एका फेरीला जवळजवळ सव्वीस हजार वर्षं लागतात. आसाचं उत्तर टोक ज्या ताऱ्याकडे रोखलेलं असतं, तो आपल्याला स्थिर दिसतो. तू दाखवलास तो ठुबान. पाच हजार वर्षांपूर्वी तो जागेवर थांबलेला दिसायचा, आणि आपला ध्रुव इतर ताऱ्यांसारखा उगवायचा, मावळायचा."

शाल्मली विचारात पडली. "म्हणजे तारा अढळ नसतोच. आपण त्याच्याकडे रोखलेले असतो, तेवढाच वेळ तो अढळ."

"बरोबर."

"मग ध्रुवाच्या नंतर कोण?"

बाईंनी दिगंतला खूण केली. घुमटावर वर्षं भराभर पुढे सरकली. ध्रुव बाजूला गेला आणि बारा हजार वर्षांनंतरच्या आकाशात उत्तरेला तेजस्वी अभिजित आला. अगदी टोकावर नव्हे, पण जवळपास.

"तेव्हा बघायला माणसं असतील?" शाल्मलीने विचारलं.

"सांगता येत नाही. असली, तर त्यांच्या मुलांना आपल्या ध्रुवाची गोष्ट कोणीतरी सांगावी लागेल."

खंडागळ्यांनी दारावरची पाटी काढली. डॉ. अत्तार शाल्मलीला म्हणाल्या, "उद्या तुझ्या वर्गाला ध्रुव मावळताना दाखवू. का मावळला, ते तू सांगायचंस."

शाल्मलीने आत्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग ती दिगंतजवळ गेली. "अभिजितवाली रात्र पुन्हा लाव. सुरुवातीपासून, आणि सावकाश."