लाल बटणावरचा हात

मला वाटलं होतं, यंत्रांची रचना शिकून नोकरीवर परत आल्यावर भांडावं लागेल. यंत्र माणसासाठी असतं, हे वरिष्ठांना घसा फोडून सांगावं लागेल. प्रत्यक्षात सगळ्यांनी माझं ऐकलं. क्षेपणास्त्रांच्या नियंत्रणाचं नवं टेबल हुबेहूब माझ्या आराखड्याप्रमाणे तयार झालं. धोक्याचा भोंगा बंद करायचं बटण आणि क्षेपणास्त्र सोडायचं लाल बटण मी शेजारी शेजारी ठेवली होती; अर्धा सेकंद वाचतो. माझी सही झाली की तशीच टेबलं बारा तळांवर जाणार होती.

शेवटच्या चाचणीला मी दुपारी पहिल्या तळावर गेले. खोलीला खिडकी नव्हती. तापलेल्या तारांचा वास, पंख्यांची घरघर. मी तिसऱ्या खुर्चीवर बसले, तसे निवृत्तीला आलेले ऑपरेटर काका म्हणाले, "लाल बटण दाबायच्या आधी 'ताई, हात काढा' म्हणायचं."

"कोण ताई?"

"इथं बसायच्या. जुन्या टेबलावरही बटणं अशीच चिकटून होती. भोंग्याच्या गोंगाटात चुकून लाल दाबलं गेलं... आपलंच विमान होतं. पुढं फार जगल्या नाहीत. टेबल बदललं, पण हात तिथंच आहे."

"मला हे कुणी सांगितलं कसं नाही?"

"कुणी विचारलं?"

मी हसण्यावारी नेलं. "आज ताईंना सुट्टी द्या, काका."

"तुम्हीच द्या. आमचं कुठं ऐकतात!"

पडद्यावर खोटी विमानं येऊ लागली. भोंगा वाजला की बंद करायचा, विमान शत्रूचं असेल तरच लाल. लालच्या आधी दर वेळी काका 'ताई, हात काढा' पुटपुटत. चाळिसाव्या खेपेपर्यंत माझे खांदे भरून आले होते, कानांत नुसती गुणगुण. पडद्यावर आपल्या विमानाची हिरवी खूण आली. भोंगा वाजला. मी न बघताच बोट टेकवलं.

बटण दबेना. बोटाखाली काहीतरी मऊ होतं, ऊबदार... तापात आई कपाळावर ठेवते, तसा तळवा. मी जोर लावला. त्या हातानं माझं बोट अलगद उचललं आणि शेजारच्या बटणावर ठेवलं. भोंगा थांबला.

मी खाली पाहिलं. कुणाचाच हात नव्हता. म्हणजे माझं बोट मघाशी लाल बटणावर होतं.

"काका..."

"रागावल्या का?"

"नाही," मी कशीबशी म्हणाले. "अजिबात नाही."

इथं ताई होत्या. उरलेल्या अकरा तळांवर कोण असणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंजुरीच्या कागदावर 'नामंजूर' लिहिलं. दोष आराखड्याचा, आराखडा माझा. लाल बटण वीतभर लांब हवं, झाकणाखाली. आणि आधी ऑपरेटरांना विचारायला हवं. वर्ष वाया जाणार होतं, कदाचित नोकरीही. सही करून मी साक्षीदार म्हणून काकांना बोलवायला गेले.

काका आले. सही करायला कागदावर वाकले आणि थांबले.

साक्षीदाराच्या जागेवर दमट तळव्याचा ठसा होता. माझ्या हातापेक्षा लहान. कडेकडेनं तो हळूहळू वाळत चालला होता.